भाच्याने टीम बदलावी का?

गेल्या महिन्यात माझ्या बहिणीने मला एक प्रश्न विचारला. त्यानंतर तीन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. चूक माझी होती. ती कबूल करण्यासाठी आणि त्यातून चळवळीतल्या मित्रांशी थोडा वाद घालण्यासाठी हे लिहितोय.

उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत विहाराजवळच्या मैदानावर मी आणि दोन मित्र मुलांची बेसबॉल टीम चालवतो. बेसबॉलच का, असं लोक विचारतात. क्रिकेटच्या कोचिंगची फी आमच्या पालकांना झेपत नाही. बेसबॉल शालेय स्पर्धांमध्ये आहे आणि त्याला गर्दी कमी. पोरगं वरच्या स्पर्धांत चमकलं, तर सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी असलेल्या 5 टक्के आरक्षणाकडे बघता येतं. आमच्याकडे 14 मुलं, 7 ग्लव्ह आणि 2 बॅट आहेत. या टीमचा पिचर माझा भाचा, वय 12.

एका सामन्यात शहरातल्या मोठ्या क्लबच्या कोचने त्याला पाहिलं आणि बोलावलं. त्यांच्याकडे स्वतःचं मैदान आहे, शिकलेले कोच आहेत. फीसुद्धा माफ करतो म्हणाले. बहिणीने विचारलं, "भाऊ, पाठवू का त्याले?"

मी सरळ नाही म्हणालो. वर भाषण दिलं. 18 मार्च 1956 ला आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दल व्यक्त केलेली खंत तिला ऐकवली. पे बॅक टू सोसायटी ऐकवलं. चांगलं पोरगं तयार झालं की बाहेरचे उचलून नेतात, मग वस्तीत काय उरतं, असंही बोललो.

तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू एमए करायले पुण्याला गेला, तेव्हा अभ्यासिकेचं काय होईन, असं तुले कोणी विचारलं होतं का?"

मित्रांनो, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाबासाहेबांची खंत होती ती शिकून, पदावर बसून समाजाला विसरलेल्या माणसांबद्दल. ज्याने अजून काही मिळवलेलंच नाही, अशा 12 वर्षांच्या पोराकडून मी परतफेड मागत होतो. खरं तर मला माझी टीम वाचवायची होती. समाजाचं नाव मी त्यासाठी वापरलं. चळवळीत हे आपण किती वेळा करतो, याचा प्रत्येकाने विचार करावा.

चौथ्या दिवशी मी भाच्यालाच विचारलं. या सगळ्यात त्याला विचारायचं राहूनच गेलं होतं. तो बराच वेळ घुटमळला. मग म्हणाला, "मामाजी, इथं मी पूर्ण जोरानं फेकत नाही. फेकला तर आपल्या कॅचरले लागते."

म्हणजे मित्राच्या हाताला लागू नये म्हणून हा पोरगा वर्षभर हळू फेकत होता. आणि मी समजत होतो की त्याला मी घडवतोय.

जाऊ द्यायचं हे ठरलं. पण कोणत्या अटीवर? इथे मला पळवणकर बाळू आठवले. 1937 च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले, एवढंच आपल्यातल्या अनेकांना माहीत असतं. त्यांचा खेळ आपण विसरतो. चर्मकार समाजातला हा पोरगा पुण्यात क्लबच्या मैदानावर कामाला होता, साहेबांना सरावासाठी बॉलिंग टाकत होता. हिंदूंच्या क्लबने त्याला खेळायला घेतलं, कारण विकेट हव्या होत्या. चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. ते 1923 मध्ये त्यांचा भाऊ विठ्ठल याला मिळालं.

हात हवा, माणूस नको, असा तो व्यवहार होता. आज मातीचं भांडं दिसत नाही. पण क्लबमध्ये चौकशीला गेलो तेव्हा तिथले एक गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "तुमच्याकडची मुलं काटक असतात." या "तुमच्याकडची"चा अर्थ आपल्याला कोणी समजावून सांगावा लागत नाही.

म्हणून भाच्याला एकच गोष्ट सांगितली. 14 एप्रिलला सराव असला तर पोट दुखतंय म्हणायचं नाही, आज जयंती आहे म्हणायचं. हे तुला तिथे मोकळेपणाने बोलता आलं, तर ती टीम तुझी. नाही आलं, तर घरी येऊन मला सांग.

आता मागे राहिलेल्यांचं. अमेरिकेत जॅकी रॉबिन्सन 1945 मध्ये कॅन्सस सिटी मोनार्क्स या काळ्यांच्या संघात खेळत होता. ब्रुकलिन डॉजर्सने त्याला घेतलं, पण मोनार्क्सला एक डॉलरही दिला नाही. 15 एप्रिल 1947 ला तो गोऱ्यांच्या मोठ्या लीगमध्ये उतरला आणि इतिहास घडला. त्याच्या मागोमाग चांगले खेळाडू गेले, प्रेक्षक गेले आणि काळ्यांच्या लीग संपत गेल्या. दोष रॉबिन्सनचा नव्हता. खेळाडू घेतले, संघ मात्र वाऱ्यावर सोडले, तो दोष घेणाऱ्यांचा.

तेव्हा जाणाऱ्या पोराला अडवू नका. हिशोब नेणाऱ्याकडे मागा. मी क्लबला दोन गोष्टी मागितल्या. महिन्यातून एक सामना आमच्या मैदानावर खेळा, आणि कॅचरचं एक पूर्ण किट आमच्या टीमला द्या. सामन्याला ते हो म्हणाले. किटचं "बघू" म्हणाले. ते "बघू" मी सोडणार नाही. तोवर वस्तीत वर्गणी सुरू केली आहे.

भाचा आता तिकडे जातो. रविवारी सकाळी मात्र तो आमच्याच मैदानावर असतो, त्याच कॅचरसमोर. बॉल रोज थोडा जोरात येतोय, अशी कॅचरची तक्रार आहे. पण तो जागेवरून हलत नाही.

जयभीम.