आमच्या घरची पेन-पेन्सिल

उन्हाळी सुट्टीतला गृहपाठ उशिरा का आला, असे वर्गाच्या बाईंनी विचारले तेव्हा आम्ही "ऑफिसात फार काम होते" असे सांगून मोकळे झालो होतो. ते खरे नव्हते. खरे कारण पेन्सिल हे होते.

गृहपाठ होता आजीला पत्र लिहिण्याचा. आमच्या कन्येला (वय वर्षे ९) इंग्रजीसाठी शाळेतली पिवळी लाकडी पेन्सिल पुरते. मराठीला काहीतरी खास हवे, म्हणून आम्ही आमची इंजिनियरिंगच्या दिवसांतली पेन-पेन्सिल शोधून काढली. ०.५ मिलिमीटरची, टोकाला धातूची बारीक नळी असलेली. मिनी ड्राफ्टर लावून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत शीट्स काढल्या त्या हिनेच. मोठ्या समारंभाने ती कन्येच्या हाती दिली.

कन्येने लिहिले, 'प्रिय आजी'. काना ओढताना टोक मोडले. चार वेळा खटका दाबून पुन्हा सुरुवात केली, तर शिरोरेषेला मोडले. आम्ही म्हणालो, "अगं, हलक्या हाताने." मग पेन्सिल टेबलावरून पडली ती नेमकी टोकावर, आणि नळी वाकली. आम्ही ओरडलो. तीही रडत ओरडली, "बाबा, मला मराठी येतच नाही! इंग्लिशमध्ये असं होत नाही!"

आजी मिरजेला असते. तिला इंग्रजी वाचता येत नाही. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

जे गणित आधी करायला हवे होते ते तेव्हा केले. गोल कांडीची वाकून मोडण्याची ताकद जाडीच्या घनाप्रमाणे वाढते. म्हणजे ०.७ चे लीड ०.५ पेक्षा बराच जास्त जोर सोसते, ०.९ चे त्याहूनही जास्त. शिवाय लीड जितके लांब बाहेर, तितका मुळाशी ताण जास्त. चार खटक्यांऐवजी दोन दाबले की तोच ताण निम्मा. ड्रॉइंगची पेन्सिल असते पट्टीच्या कडेने हलकी रेघ मारायला. तिची लांब नळीही त्यासाठीच. नऊ वर्षांचे मूल काना काढते तो जीव लावून दाबून. दोष मराठीचा नव्हता, कन्येचाही नव्हता. अक्कल बाबाची कमी पडली.

ऑगस्टमध्ये आपल्या टेक्ससात शालेय सामानावर तीन दिवस विक्रीकर माफ असतो. त्या शनिवारी आम्ही दोघे मॅकार्थर बुलेव्हार्डवरच्या एका दुकानात गेलो. (अर्धे अर्विंग तिथेच होते. कर वाचवायला आपण मराठी माणसे कधी मागे राहतो का?) पाकिटावरचा शब्द वाचून कन्या दचकली. "बाबा, लेड पॉइझनस असतं ना?" शाळेत शिकवले होते. मग तिला सांगितले, की मराठीत शिसपेन्सिल म्हणतात तरी तिच्यात शिसे नसतेच, ग्रॅफाइट असते. इंग्लंडात ग्रॅफाइट प्रथम सापडले तेव्हा लोकांना ते शिशाचाच प्रकार वाटले, आणि ती चूक दोन्ही भाषांनी जपून ठेवली. लाकडी पेन्सिलीत ग्रॅफाइटबरोबर माती असते. बारीक लीडला ती पुरत नाही, म्हणून जपानच्या पेंटेल कंपनीने १९६० मध्ये पॉलिमर वापरून लीड आणले. टीव्ही बनवणाऱ्या शार्प कंपनीचे नावसुद्धा तिच्या संस्थापकाने १९१५ च्या सुमारास काढलेल्या अशाच पेन्सिलीवरून पडले आहे. एवढे ऐकेपर्यंत कन्या पुढच्या रांगेत पोहोचली होती.

तिने निवडली ती युनी ब्रँडची कुरु टोगा, ०.७ ची. जपानात ही २००८ मध्ये आली. पेन्सिल कागदावरून उचलली की आतले चक्र लीडला किंचित फिरवते; मूळ रचनेत चाळीस वेळा उचलल्यावर एक फेरा पूर्ण. त्यामुळे टोक एकाच बाजूने झिजत नाही आणि अक्षर मध्येच जाड होत नाही. आता गंमत पाहा. जोडून लिहिलेल्या इंग्रजी 'स्कूल'मध्ये पेन्सिल एकदाही उचलावी लागत नाही. 'शाळा' लिहून पाहा: श, त्याचा दांडा, काना, ळ, पुन्हा काना, वर शिरोरेषा. पाच-सहा वेळा हात उचलतो. जपानी लिपीही अशीच तुटक रेघांची. म्हणजे त्यांनी स्वतःसाठी केलेली सोय आपल्या देवनागरीला आयती मिळाली.

आम्ही स्वतःलाही एक घेतली. दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्या आमचा मराठी हात पार गेला आहे, हे वाणसामानाची यादी लिहिताना कळले. 'कोथिंबीर' जमली, पण 'गूळ' लिहिताना ळ अडला. कन्येने गिरवून दाखवला. दोन ठिकाणी आम्ही खोडले, तिने एकाच ठिकाणी.

पत्र मिरजेला पोचले. आजीचा फोन आला, "अक्षर सुरेख आहे गं बाळा, पण फिकट आहे. माझ्या डोळ्यांना दिसत नाही." म्हणून आता एचबी काढून टू-बी लीड घातले आहे. ते मऊ, त्यामुळे लवकर मोडते आणि लवकर संपते, पण ०.७ मध्ये निभावते. दोन डब्या जास्तीच्या आणल्यात. वर्गात कोणाला लागल्या तर कन्येकडून मागून घ्याव्यात. खटके मात्र दोनच.