मुठीचं माप

रॅचेट घ्यायला दुकानात आलेला माणूस आधी डोकं फिरवून बघतो. टिकटिक बारीक येते की जाड, दाते किती, उलटसुलट करायची कळ अंगठ्याने सरकते का, हे सगळं तो तपासतो. ते बरोबरच आहे. 24 दात्यांच्या रॅचेटला पुढचा दाता पकडायला पंधरा अंश फिरावं लागतं, 72 दात्यांच्या रॅचेटला पाच अंश पुरतात. चेसिस आणि सायलेन्सरच्या बेचक्यात हात घातला की या दहा अंशांची किंमत कळते. पण जिथे हात दिवसभर असणार, त्या दांड्याकडे कुणी बघत नाही. गिऱ्हाईक डोकं विकत घेतं आणि दांडा बरोबर येतो.

कोल्हापुरात माझं गॅरेज आहे. दुचाकीची कामं बारा महिने असतात, आणि उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर आणि ट्रॉल्याही दारात उभ्या राहतात. माझ्या पेटीतल्या चार सुती, म्हणजे अर्ध्या इंची रॅचेटचा मूळ दांडा आता कुठून दिसत नाही. त्यावर काय काय चढलं, काय उतरलं आणि शेवटी काय टिकलं, ते लिहून ठेवावंसं वाटतं, कारण हे ज्ञान आमच्या धंद्यात एकमेकांच्या हाताकडे बघूनच पसरतं आणि बघणारा नसला की तिथेच थांबतं.

अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या जे. जे. रिचर्डसन यांनी गोटी (सॉकेट) आणि रॅचेटच्या पान्याचं पेटंट 1863 साली घेतलं. पण आमच्या हातावर खरा परिणाम झाला तो 1920 मध्ये मिलवॉकीत जोसेफ जॉन्सन यांनी मांडलेल्या कल्पनेचा. पाच दांडे आणि दहा गोट्या, म्हणजे पन्नास पान्यांचं काम. स्नॅप-ऑन कंपनी त्यावरच उभी राहिली. पैसा वाचला, पेटी हलकी झाली. मात्र त्यामुळे एक बदल झाला. आधी वेगवेगळे पाने हातात यायचे, त्यांची जाडी वेगळी, कड वेगळी. आता गोट्या बदलतात आणि दांडा तोच राहतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तळहाताच्या त्याच जागी तोच लोखंडी दट्ट्या. म्हणून त्या एका दांड्याची काळजी घेणं भाग आहे.

ही काळजी म्हणजे मऊ काहीतरी गुंडाळणं, असा सर्वसाधारण समज आहे. तो मला पटत नाही. आधी दांड्याचं काम काय ते समजून घ्यायला हवं. डिसमिस फिरवताना जोर मुठीच्या पकडीतून येतो. मूठ जाड असली की त्याच पकडीत जास्त ताकद लागू होते, म्हणून मोठ्या डिसमिसची मूठ जाड असते. रॅचेटचं तसं नाही. तिथे ताकद लांबीतून येते. बोल्टपासून 25 सेंटिमीटरवर 25 किलोचा ओढा दिला की सव्वासहा किलोग्रॅम-मीटर टॉर्क मिळतो, मग दांडा पेन्सिलीएवढा बारीक असो की मनगटाएवढा जाड. जाडीने टॉर्क वाढत नाही. जाडी एवढंच करते, की तो पंचवीस किलोचा भार बोटांच्या किती कातडीवर वाटला जाईल ते ठरवते.

आणि नेमकं इथेच लोखंडाचं आणि हाताचं पटत नाही. पुष्कळशा रॅचेटचा दांडा चपटा असतो. ज्या दिशेला ओढायचं त्या दिशेला रुंद, आणि वरखाली पातळ. वाकू नये म्हणून लोखंडाला तसंच असणं सोयीचं, घराची तुळईसुद्धा उभीच ठेवतात. पण आपण ओढतो तेव्हा बोटं त्या पातळ कडेवर येतात. सगळा भार दहा मिलिमीटरच्या धारेवर, बोटांच्या मधल्या पेरावर. दुपारनंतर बोटं उघडमीट करताना जी कळ येते ती इथून येते. वरून मऊ फोम लावला तर तो दाबला जातो आणि धार पुन्हा तिथेच लागते. उपाय मऊपणाचा नाही, आकाराचा आहे. दांड्याच्या दोन सपाट पोटांवर भर घालून ती कड रुंद करायची. दांडा गोल किंवा अंडाकृती झाला की अर्धं काम झालं.

जाडी किती असावी, याला आकडे आहेत. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्याच्या एनआयओएसएच या संस्थेने कॅलिफोर्नियाच्या कामगार सुरक्षा विभागाबरोबर 2004 मध्ये हातहत्यारं कशी निवडावीत यावर एक पुस्तिका काढली. जोराच्या कामाच्या हत्याराला सव्वा ते दोन इंच जाडीची मूठ, नाजूक कामाच्या हत्याराला पाव ते अर्धा इंच, असं त्यात सांगितलंय. लांबीचंही एक महत्त्वाचं वाक्य आहे: मूठ तळहाताच्या मध्येच संपू नये, हाताच्या सगळ्यात रुंद भागापेक्षा लांब असावी, साधारण चार ते सहा इंच. तळहाताच्या बुडाशी, मनगटाच्या लगेच वर, मधली नस जाते. आखूड दांड्याचं टोक तिथे रुतत राहिलं की बोटांना मुंग्या येतात. आखूड रॅचेट अडचणीच्या जागेसाठी ठेवावं, दिवसभराच्या कामाला नाही.

पुस्तिकेतले आकडे सरासरी हाताचे. आपला हात सरासरीचा असेलच असं नाही. आमच्याकडची साधी पारख अशी: दांडा मुठीत धरायचा, अंगठ्याचं टोक तर्जनीच्या नखावर आलं पाहिजे. पार पुढे जाऊन मधल्या बोटावर चढलं तर दांडा बारीक, नखापर्यंत पोचलंच नाही तर जाड.

गेल्या हंगामात आयटीआय करून आलेला एक पोरगा माझ्याकडे कामाला होता. हात लहान, बोटं लांब पण बारीक. माझ्या चार सुती रॅचेटने तो ट्रॉलीच्या चाकाचे नट खोलत होता. मला दिसलं, की तो दर ओढ्याला दांडा नव्याने पकडतोय आणि करंगळी बाहेरच राहतेय.

"मनगट दुखतंय का रे?"

"न्हाई मास्तर. पण हात लवकर भरून येतोय."

"दांडा धर बघू. अंगठा कुठं पोचतोय?"

नखाच्या अलीकडेच थांबत होता. माझ्या हाताला नेमका बसणारा दांडा त्याच्या हाताला जाड होता, आणि ती फट भरून काढायला त्याच्या कोपरापर्यंतचे स्नायू दिवसभर आवळलेले राहत होते. त्याच्यासाठी दुसऱ्या रॅचेटवर पातळ मूठ केली. तेव्हापासून माझ्याकडे हत्यारं सामाईक असली तरी चार सुती रॅचेट ज्याचं त्याचं असतं.

आता सामानाबद्दल. यात बोलण्यासारखं खूप आहे, कारण गॅरेजच्या हवेत काय टिकतं ते दुकानात कळत नाही. सगळ्यात जुना आणि फुकटचा उपाय म्हणजे सायकलची जुनी ट्यूब. लांब पट्टी कापायची, ताणून गुंडाळायची, शेवट आत खुपसायचा. हाताला पहिल्या दिवशी फार छान लागते. पण ट्यूबचं रबर बहुधा ब्यूटाईल असतं आणि त्याला इंजिन ऑइलचं वावडं. ऑइल पीत जातं, फुगतं, मग चिकट होऊन हाताला काळं सोडतं. क्रिकेटच्या बॅटची ग्रिप कापून चढवणारेही पुष्कळ आहेत. ती नळी दांड्यावर सैल पडते म्हणून खाली भर द्यावी लागते. खवले चांगले पकडतात, पण तेही साधं रबरच, तेलाने त्याचीही तीच गत होते. मोटारसायकलच्या डाव्या हँडलची ग्रिप 22 मिलिमीटरच्या नळीसाठी असते, ती पुष्कळ चार सुती दांड्यांवर थोडी भर घालून घट्ट बसते. साबणाचं पाणी लावून ढकलण्यापेक्षा कॉम्प्रेसरच्या हवेचा झोत ग्रिपमध्ये सोडावा. ग्रिप क्षणभर फुगते आणि सरकन चढते, आतमध्ये पाणीही राहत नाही. कोकणातल्या किंवा आमच्या पन्हाळ्याकडच्या पावसाळी हवेत आत राहिलेलं पाणी महिन्यात गंज आणतं.

तेलाला पुरून उरणारं रबर म्हणजे नायट्राईल. ऑइल सील त्याचेच असतात, हे आपल्याला माहीत असतं, फक्त मुठीच्या बाबतीत आठवत नाही. पण नायट्राईलचं उलटं आहे. ब्रेक ऑइल खनिज तेलाचं नसून ग्लायकॉलचं असतं, आणि ते नायट्राईलला फुगवतं, सायकलच्या ट्यूबला मात्र फारसं काही करत नाही. म्हणजे इंजिनचं काम करणाऱ्याची मूठ आणि ब्रेकचं काम करणाऱ्याची मूठ एकाच रबराची असणं बरोबर नाही. दोन्ही कामं करणाऱ्याने रबराचा नाद सोडून हीटश्रिंक नळी वापरावी, असं माझं मत आहे. पॉलिओलेफिनची नळी दोन्ही बऱ्यापैकी सोसते. गुळगुळीत नळी तेलकट हाताला निसटते, म्हणून मासेमारीच्या गळाच्या काठीवर चढवतात ती खडबडीत जाळीची नळी मागवावी.

माझ्या रॅचेटवर आतली भर चामड्याची आहे. कोल्हापुरात राहणाऱ्याला चामड्यासाठी लांब जावं लागत नाही. चप्पल लाईनमध्ये कारागिरांकडे तळाच्या कापाच्या पट्ट्या उरलेल्या असतात. हे चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, टणक, दाबाखाली न बसणारं. दोन पट्ट्या दांड्याच्या सपाट पोटाएवढ्या रुंद कापायच्या, कडा धारदार सुरीने तिरप्या उतरवायच्या. दांडा थिनरने पुसून अगदी कोरडा करायचा. चप्पलवाले वापरतात तेच सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मग पट्टी एका टोकापासून दाबत न्यायची. वर सुती दोरा जवळजवळ गुंडाळून एक रात्र ठेवायचं. सकाळी दोरा काढून कानशीने आकार द्यायचा. इथे घाई करू नये. दर चार-पाच हातांनी मूठ धरून बघायची, डोळे मिटून. जिथे कड कळते तिथे अजून कानस. करंगळीकडच्या टोकाला थोडी जाडी जास्त ठेवायची, म्हणजे ओढताना हात निसटून बाहेर जात नाही आणि पकड आवळावी लागत नाही. शेवटी हीटश्रिंक नळी दांड्याच्या टोकाकडून चढवून हीट गन सतत हलती ठेवत आवळायची. डोक्याकडे गन न्यायची नाही, आतलं ग्रीस पातळ होऊन बाहेर येतं. एक खबरदारी मात्र हवी: या चामड्यातला तुरट अंश उघड्या लोखंडाला काळं पाडतो आणि गंजवतो. दांड्याचं क्रोम उडालेलं असेल तर आधी ते घासून लाखेचा हात द्यावा. उडणारं क्रोम तसंही वाईट, त्याची खपली ब्लेडसारखी तळहातात शिरते.

हे सगळं चार सुतीसाठी. दोन सुती, म्हणजे पाव इंची रॅचेटला मी काहीही लावत नाही आणि कुणी लावलेलं असेल तर काढायला सांगतो. दुचाकीच्या इंजिन कव्हरचे बोल्ट बहुतेक एम 6 चे, आठ किंवा दहा नंबरची गोटी, आणि ते जातात ॲल्युमिनियममध्ये. त्यांना एक किलोग्रॅम-मीटरच्या आसपास टॉर्क पुरतो. एवढ्या ताकदीला बोटांची दोन पेरं बस्स होतात. बोल्ट बसत आला की दांड्यातून कडकपणा वाढत येतो, आणि आटे सुटायला लागले तर तो वाढता वाढता क्षणभर थांबतो, मऊ पडतो. तो एक क्षण सापडला तर केसिंग वाचतं. जाड रबराच्या मुठीतून तो सापडत नाही. इथे अंगठा डोक्याच्या पाठीवर, दोन बोटं दांड्यावर, आणि मध्ये नुसतं लोखंड. तेलाने निसटत असेल तर चिंधीने पुसावं. दांड्यावर बारीक नर्लिंग असलेलं रॅचेट घेतलं तर तोही त्रास कमी होतो.

मूठ करताना काही गोष्टींना हात लावू नये. दांडा लांब करायला पाईप वेल्ड करतात, ते धोक्याचं. क्रोम व्हॅनेडियम पोलाद ठरावीक उष्णतेवर कमावलेलं असतं, वेल्डिंगच्या शेजारी ते ठिसूळ होतं, आणि क्रोमवर वेल्ड करताना निघणारा धूर विषारी आहे. जाम नट मोडायला रॅचेट वापरायचंच नाही, त्यासाठी पॉवर हँडल, म्हणजे खटका नसलेला लांब दांडा, आहे. मोडायचं पॉवर हँडलने आणि फिरवायचं रॅचेटने, म्हणजे आतला खटका वर्षानुवर्षं टिकतो. आणि मुठीवर रबर आहे म्हणून बॅटरीपाशी निर्धास्त होऊ नये. उघडं डोकं प्लसला आणि बॉडीला एकदम लागलं की मूठ काहीच वाचवत नाही. विजेसाठीच्या हत्यारांवर 1000 व्होल्टची खूण असते, ती घरच्या मुठीला कशी येणार?

माझी एक मागणी आहे हत्यारं बनवणाऱ्यांकडे. पाकिटावर दाते छापतात, लांबी छापतात, पोलादाचं नाव ठळक छापतात. मुठीची जाडी आणि कडेची रुंदी, हे दोन आकडेही छापा. चप्पलसुद्धा नंबर बघून घेतो आपण. तोपर्यंत गिऱ्हाइकाने दुकानात रॅचेट पाकिटातून काढून घ्यावं, तर्जनीचं नख बघावं, आणि दुकानदार घाई करत असला तरी दोन मिनिटं दांडा मुठीत ओढून धरून उभं राहावं.