माझ्या प्रबंधातला सजदा

बीयूएमएसची साडेपाच वर्षे संपली तेव्हा घरच्यांना वाटले, आता पोरगी दवाखाना थाटेल. बरोबरीच्या बऱ्याच जणांनी तेच केले, काही जण खासगी रुग्णालयांत रात्रपाळीला लागले. मी प्रवेश परीक्षा देऊन एमडीसाठी 'इलाज बित तदबीर' हा विषय घेतला. हिजामा, दलक म्हणजे मालिश, हम्माम, शेक असे हाताने करायचे उपचार त्यात येतात. आणखी ३ वर्षे! फुफू म्हणाली, "हिजामा शिकायला तीन वर्षं कशाला गं? आपल्या मोहल्ल्यातला मुलगा चार दिवसांत शिकून आला."

कप लावायला चार दिवसांत येतोही. तो कुणाला लावायचा नाही, हे कळायला वेळ लागतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेला माणूस, अंगात रक्त कमी असलेली बाई, साखर ताब्यात नसलेला रुग्ण, यांच्या त्वचेवर चिरा मारण्याआधी दहादा विचार करावा लागतो. घरी कुणी हिजामा करून घेणार असेल तर ब्लेड आणि कप नवे आहेत का, एवढे तरी समोर बसून बघा.

प्रबंधाचा विषय ठरला गुडघ्याची झीज आणि हिजामा. घरात पहिला प्रश्न अब्बांनी विचारला, "बेटा, जी गोष्ट सुन्नत आहे, तिची परीक्षा घ्यायची?" मला हा प्रश्न रास्त वाटला. मी म्हटले, "अब्बा, सवाब मोजायचे यंत्र माझ्याकडे नाही. या गुडघ्याला, इतक्या दिवसांत, किती उतार पडतो एवढेच मी मोजणार आहे." मग त्यांना अल-राझीची गोष्ट सांगितली. हजार वर्षांपूर्वीच्या या हकिमाने सरसामची लक्षणे दिसणाऱ्या रुग्णांपैकी काहींची फस्द केली, म्हणजे शीर उघडून रक्त काढले आणि काहींना मुद्दाम तसेच ठेवले, फरक कळावा म्हणून. इब्न सीनाने 'अल-कानून'च्या दुसऱ्या भागात औषध पारखण्याच्या अटी लिहिल्या आहेत. औषधाचा गुण योगायोगाने एकदा दिसून चालत नाही, तो पुन्हा पुन्हा दिसला पाहिजे, ही त्यातली एक. अब्बा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग नीट कर."

नीट करायचे म्हणजे कागद आले. आधी आराखडा, मग नैतिकता समिती, मग सीटीआरआय या २००७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद. काय मोजणार, केव्हा मोजणार, हे पहिल्या रुग्णाला हात लावण्याआधीच लिहून द्यायचे. निकाल बघून मोजमाप बदलायची वाट तिथेच बंद होते. संमतीपत्र मी स्वतः मराठीत लिहिले, कारण इंग्रजीतून उतरवलेल्या नमुन्यातली वाक्ये माझ्या अम्मीलाही कळेनात.

दोन्ही गटांना शेक आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, एका गटाला त्याशिवाय हिजामा. कोण कुठे जाणार, हे बंद लिफाफा ठरवणार. एका खालांनी लिफाफा उघडून विचारले, "म्हणजे माझ्या नशिबात हिजामा नाही?" अभ्यास संपल्यावर हवा असेल तर करून देईन, असे संमतीपत्रात लिहिलेच होते, ते पुन्हा वाचून दाखवले.

मला सर्वात जास्त शिकवले ते प्रश्नावलीने. गुडघ्यासाठी वोमॅक नावाची प्रश्नावली जगभर वापरतात. तिच्यात जिना आहे, मोटारीत बसणे-उतरणे आहे, बाथटब आहे. आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या बायांना मोटार आणि बाथटबशी काय देणेघेणे? त्या सांगायच्या, "डॉक्टरबाई, सजद्याला जाता येतं, पण उठवत नाही. अत्तहिय्यातला बसलं की जीव जातो. खुर्चीवर नमाज पढायला मन घेत नाही." आपल्याकडच्या मांडी घालून, उकिडवे बसण्याच्या सवयी धरून पुण्यात या प्रश्नावलीचे भारतीय रूप तयार झाले आहे, ते मी घेतले. नमाजच्या बैठकीचे प्रश्न वेगळ्या रकान्यात जोडले आणि ते माझी भर आहेत, त्यांची शास्त्रीय पारख झालेली नाही, हेही लिहिले. परीक्षक त्यावर बोट ठेवतील, ठेवू देत.

महिने गेले तसे काही जणी यायच्या थांबल्या. कुणी बरे वाटले म्हणून, कुणी न वाटले म्हणून, एकीच्या मुलीचे लग्न निघाले. माझ्या तक्त्यात मोकळ्या जागा राहिल्या. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी प्रेमाने सल्ला दिला, "अंदाजाने भरून टाक. प्रबंध कपाटात जातो, कोण वाचतंय?" त्या रात्री मी तक्ता उघडून बसले होते. त्या रिकाम्या घरांत एकेका बाईचा चेहरा दिसत होता. ती घरे मी रिकामीच ठेवली आणि कोण का आले नाही, याचे एक पान जोडले.

निकाल? दोन्ही गटांचे दुखणे कमी झाले. हिजामाच्या गटात पहिल्या आठवड्यांत उतार जास्त वाटला, पण शेवटच्या तपासणीला दोन गटांतला फरक इतका थोडा उरला, की तो योगायोगानेही पडू शकतो. शिवाय कप लागला की नाही हे रुग्णाला दिसतेच, त्यामुळे मनाचा परिणाम वेगळा काढता येत नाही. प्रबंधात मी एवढेच लिहिले. हिजामाने काही होत नाही, असे माझ्या थोड्या रुग्णांवरून म्हणता येणार नाही आणि रामबाण आहे, असेही नाही. फुफूला हे आवडले नाही. "तीन वर्षं घालवून 'माहीत नाही' लिहिलंस!" अब्बांनी मात्र प्रबंधाची एक प्रत मागून घेतली.

तोंडी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. लिफाफेवाल्या खालांचा परवा फोन आला होता. निकाल त्यांना सांगितला, सोप्या शब्दांत, सगळा. त्या म्हणाल्या, "ते राहू दे, तू वादा केला होतास ना?" मंगळवारी सकाळी बोलावले आहे. येताना चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि रक्ताचा ताजा रिपोर्ट आणायला सांगितला आहे.