पानावरची तारीख

पापडी, वसई

चि. मुक्ता,


तुझा सहलीचा बेत वाचला. सकाळी किल्ला, दुपारी अर्नाळा, मधल्या वेळात जीवदानी आणि उन्हं कलताना चिंचोटीचा धबधबा. तेही सासूबाईंच्या गुडघ्यांसकट! नागपूरहून येऊन एका रविवारात अख्खा तालुका उरकायचा म्हणजे तुझ्या उत्साहाची कमाल आहे. त्याबद्दल मी काही बोलत नाही. पण शेवटी तू लिहिलंयस की माहिती सगळी ताजी आहे, नेटवरच्या प्रत्येक पानावर 'अपडेटेड' म्हणून तारीख लिहिलेली आहे. त्याबद्दल बोलायलाच हवं.

ती तारीख मी जमेस धरत नाही. पान चालवणाऱ्याने एखादा फोटो हलवला तरी ती बदलते, आणि मथळ्यातलं साल तर काही ठिकाणी १ जानेवारीला आपोआप पुढे सरकतं. लिहिणारा वसईच्या स्टेशनवर शेवटचा कधी उतरला होता, ते त्यातून कळत नाही. ते कळतं त्याला काय ठाऊक नाही यावरून.

तुझं पहिलंच पान बघ. त्यात वसई 'ठाणे जिल्ह्यात' आहे. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ला. म्हणजे ते वाक्य त्याआधीचं, आणि त्याच परिच्छेदातलं हॉटेल, भाडं, बसची वेळ, सगळंच त्या काळातलं असण्याचा संभव. दुसऱ्या पानावर 'नवघर-माणिकपूर नगरपरिषद' भेटते. ती, वसई, विरार आणि नालासोपारा अशा चार नगरपरिषदा जाऊन जुलै २००९ मध्ये महानगरपालिका आली, म्हणजे हा गृहस्थ त्याहून जुना. तिसरा अडचणीच्या वेळी पालघरच्या पोलीस अधीक्षकांकडे जा म्हणतो. आमच्याकडे १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार असं पोलीस आयुक्तालय आहे. रिक्षाचं किमान भाडं बघ: २३ रुपये लिहिलं असेल तर मजकूर ऑक्टोबर २०२२ ते जानेवारी २०२५ यांमधला, कारण १ फेब्रुवारी २०२५ला ते २६ झालं. दादरच्या पुढे एल्फिन्स्टन रोड स्टेशन लागत असेल तर तो माणूस २०१८ नंतर आमच्या लोकलमध्ये बसलेला नाही. तेव्हापासून तिथे प्रभादेवी लागतं.

अर्थात ही युक्तीही डोळे मिटून वापरायची नाही. हल्ली पानं एकमेकांवरून उतरवलेली असतात. कोणीतरी 'ठाणे' खोडून 'पालघर' करतो आणि खालचं तसंच ठेवतो. म्हणून एका खुणेवर भागवू नकोस. दहा पानांवर एकच आकडा दिसला तरी ते दहा साक्षीदार होत नाहीत, एकाच्याच नऊ नकला असतात. जीवदानीच्या पायऱ्या कोणी तेराशे सांगतं, कोणी चौदाशे. डोंगर काही दरवर्षी वाढत नाही! सासूबाईंसाठी तुला पायऱ्यांचा आकडा नकोच आहे. वर न्यायची यांत्रिक सोय त्या दिवशी चालू आहे का, हे हवंय, आणि ते देवस्थानाला आदल्या दिवशी विचारायचं.

माझ्या मते सगळी माहिती एका वेगाने शिळी होत नाही, तेव्हा सगळीची सारखी काळजी करण्यातही अर्थ नाही. चिमाजी अप्पांनी किल्ला १७३९च्या मे महिन्यात घेतला, हे कितीही जुन्या पानावर वाच, चालेल. लोकलच्या वेळा मात्र अधूनमधून बदलतात, म्हणून वेळापत्रक कोणत्या तारखेपासून लागू आहे ते आधी बघ. छापील वेळापत्रकावर ही ओळ ठळक असते, आणि तिथून फोटो काढून टाकणारे नेमकी तीच कापतात. त्यातून तुमचा रविवार. ब्लॉक आहे की नाही ते पश्चिम रेल्वेच्या शनिवारच्या सूचनेत बघायचं, त्याला दुसरा उपाय नाही.

उलट्या बाजूनेही पानं चुकतात, याची मला जास्त गंमत वाटते. काहींना जे झालेलंच नाही ते दिसतं. तुझ्या यादीत 'वर्सोवा-विरार सागरी सेतूने झटपट पोहोचा' असं आहे. बाई, तो सेतू कागदावर आहे, आणि २०२५ मध्ये त्याच्या आखणीचं टोकसुद्धा वर्सोव्याहून उत्तनला सरकलं. प्रस्तावाची बातमी वाचून कोणीतरी रस्ता सांगून मोकळा झालाय. 'होणार', 'मंजूर', 'प्रस्तावित' हे शब्द नकलेत पहिल्यांदा गळतात.

आणि जे खरंच झालंय ते तुझ्या यादीत नाही. तुम्ही गाडीने भाईंदरला दीरांकडे उतरणार ना? तिथून वसईला यायला सगळी पानं घोडबंदरवरून सुमारे ३८ किलोमीटरचा वळसा सांगताहेत. फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदर ते वसई किल्ल्याची जेट्टी अशी रो-रो सुरू झाली. गाडीसकट बोटीत चढायचं, खाडीतून साडेतीन-एक किलोमीटर. सासूबाईंना फार आवडेल. पण फेरीच्या वेळा मी पत्रात लिहीत नाही, कारण हे पत्र तुझ्या हाती पडेपर्यंत तेही एक जुनं पानच होईल. निघायच्या सकाळी दीरांनाच जेट्टीवर चौकशी करायला सांग.

अर्नाळ्याचं मात्र मी इथे बसून सांगू शकते. किल्ला बेटावर, जायला होडी, आणि होडी पाण्यावर अवलंबून. 'सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा' असं लिहिणाऱ्याने समुद्राला विचारलेलं दिसत नाही. आमच्याकडे हिशेब तिथीवर चालतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. तुमच्या रविवारी अष्टमी आहे. आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, भर दुपारी ओहोटी. तासाभराचा फरक धर. तू दुपार निवडलीयस, म्हणजे नेमकी पाणी ओसरल्याची वेळ. सकाळी लवकर जाऊ, आणि शेवटचा शब्द होडीवाल्याचा. कालनिर्णय घरात असतंच, त्यामुळे या एका गोष्टीला नेट लागत नाही.

चिंचोटी रद्द. तू पाठवलेल्या फोटोत मागचा डोंगर हिरवागार आहे, कड्यांवरून पाणी सुटलंय. तो श्रावणातला फोटो आहे. डिसेंबरात तिथे तुला दगड बघायला मिळतील. पावसाळ्यात यायचं म्हटलं तरी बुडून माणसं गेल्यामुळे तिथे जायला बंदीचे आदेश निघतात. त्या आदेशांत 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत' असं असतं. पानं नुसतं 'बंद आहे' किंवा 'चालू आहे' एवढंच उचलतात आणि मुदत सोडून देतात. नुसते पर्यटकांचे अभिप्राय वाचणार असशील तर 'सर्वात नवे' असा क्रम लाव आणि तुम्ही येणार त्याच महिन्यातले वाच. चार तारे जुलैत मिळालेले असतात.

तेव्हा बेत असा: सकाळी अर्नाळा, मग माझ्याकडे जेवण, चार वाजता किल्ला. जीवदानी दुसऱ्या दिवशी, सोय चालू असली तर. सुकेळी हवी असतील तर आत्ताच कळव; चांगली सुकेळी आयत्या वेळी मिळत नाहीत, आणि मिळतात ती मी तुझ्या सासूबाईंपुढे ठेवणार नाही.

जावईबापूंना आशीर्वाद, सासूबाईंना नमस्कार.

तुझी
सुलूमावशी