बारा पावलांवरची कळ

आमच्या सोप्यातला दिवा लावायची कळ दाराशेजारी आहे आणि अब्बांचा पलंग समोरच्या भिंतीला. मध्ये बारा पावलं. हे अंतर आम्ही कधी मोजलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात एका रात्री अब्बा त्यातल्या सातव्या पावलावर पडले, तेव्हा मोजलं.

हाड मोडलं नाही, अल्हम्दुलिल्लाह. कपाळाला तीन टाके पडले आणि उजवा गुडघा पंधरा दिवस सुजून राहिला. अब्बांचं वय अठ्ठ्याहत्तर. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं 'बघू पुढं' म्हणून राहिलंय. तहज्जुदला उठायची सवय तरुणपणापासूनची. उशाशी बॅटरी दिली होती, पण ती हाताशी लागेपर्यंत पाण्याचा तांब्या सांडायचा. शिवाय दिवा लावला तर माजघरातली नात जागी होईल, तिची परीक्षा आहे, ही काळजी. म्हणून ते अंधारातच भिंतीला हात लावून जायचे. मराठीत बटणालाही कळ म्हणतात आणि दुखण्यालाही. त्या रात्री आम्हाला दोन्ही अर्थ एकदमच कळले.

आमचा थोरला पुण्याला नोकरीला आहे. त्याला फोनवर सांगितलं, तर तिसऱ्याच दिवशी कुरिअरनं एक काड्यापेटीएवढा डबा आला. स्मार्ट स्विच! भिंतीवरचं बटण तसंच ठेवायचं आणि हा डबा बोर्डाच्या आत बसवायचा. मग दिवा बटणानं लागतो, मोबाईलवरून लागतो, बोलून लागतो आणि ठरलेल्या वेळी आपोआपही लागतो. किंमत हजार रुपयांच्या आतबाहेर.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. विजेशी आमचा संबंध स्टाफरूमच्या पंख्यापुरता. थोरला म्हणाला, "व्हिडिओ बघा, दहा मिनिटांचं काम आहे." आम्ही व्हिडिओ बघितलाही. पण घर पेठ वडगावातलं, जुनं, कौलारू, मातीच्या जाड भिंतींचं. वायर कधी ओढली, कुणी ओढली, त्यावर कुठं कुठं जोड मारले, हे घरात कुणालाच ठाऊक नाही. तेव्हा परवानाधारक वायरमनला बोलावलं. हा निर्णय किती बरोबर होता ते तासाभरातच कळलं.

वायरमननं डबा हातात घेतला, उलटासुलटा केला आणि पहिला प्रश्न विचारला, "बोर्डात न्यूट्रल आहे का?" साध्या बटणाला न्यूट्रल लागत नाही. फेजची तार बटणात येते आणि तिथून दिव्याकडं जाते, एवढंच. न्यूट्रल थेट दिव्याकडं गेलेली असते. पण हा डबा स्वतः जागा राहतो, हुकमाची वाट बघत बसतो. त्यासाठी त्याला थोडी वीज चोवीस तास हवी, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही हव्यात. आमच्या नशिबानं त्याच बोर्डावर मोबाईल चार्जिंगचा प्लग होता. जिथं प्लग असतो तिथं न्यूट्रल आलेलीच असते.

न्यूट्रल नसलेल्या बोर्डासाठीही वेगळे स्विच मिळतात. पण ते आपल्यापुरती वीज दिव्यातूनच ओढतात. जुन्या साठ वॅटच्या बल्बमध्ये ते जाणवलं नसतं. आता घरोघरी एलईडी आहेत. २०१५ साली केंद्र सरकारची 'उजाला' योजना आली आणि स्वस्तातले एलईडी बल्ब खेडोपाडी पोचले. नऊ वॅटच्या दिव्याला एवढीशी गळतीही पुरते, आणि तो बंद केल्यावरही काजव्यासारखा मिणमिणत राहतो. वायरमन हसून म्हणाला, "मग लोक आम्हाला बोलावतात, घरात भूत हाय म्हणून."

खरी गोष्ट पुढं घडली. त्यानं बटण बंद केलं, बल्ब काढला आणि होल्डरमध्ये टेस्टर लावला. टेस्टर पेटला. बटण बंद असताना! त्यानं आमच्याकडं बघितलं आणि विचारलं, "हा बल्ब बदलतं कोण?"

बदलतात अब्बाच. स्टुलावर चढून. बटण बंद केलंय, आता धोका नाही, या भरवशावर.

झालं होतं असं. माळ्यावरच्या एका जुन्या जोडात कुणीतरी फेज आणि न्यूट्रलच्या तारा उलट्या जोडल्या होत्या. त्यामुळं बटण फेज तोडण्याऐवजी न्यूट्रल तोडत होतं. दिवा विझायचा, सगळं ठीक दिसायचं, पण होल्डरमध्ये २३० व्होल्ट तसेच उभे. किती वर्षं, अल्लाहलाच ठाऊक. बटण दाबल्यावर दिवा विझला म्हणजे वीज बंद झाली, असं आपण धरून चालतो. ते तसं नसतं. बटणानं फेज तुटते का, हे टेस्टरनंच समजतं.

मेन स्विच बंद करून वायरमननं माळ्यावरचा जोड आधी सुधारला. मग सांगितलं की या घराला अर्थिंग नावालाच आहे आणि गळती झाली की वीज तोडणारी आरसीसीबी तर नाहीच. पुढच्या पगारात तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली आणि अर्थिंगही नवीन केलं. त्याचा खर्च स्मार्ट स्विचच्या कितीतरी पट झाला. आम्ही तो कपाळावरच्या तीन टाक्यांशी ताडून बघितला आणि गप्प बसलो.

डबा बसवायला मात्र खरंच दहा मिनिटं लागली. जुनं बटण त्याने काढून टाकलं नाही, डब्यालाच जोडलं. आमची तशी अटच होती. घरात पाहुणा येतो, शेजारची खाला येते, त्यांनी दिवा लावायला मोबाईल का मागावा? वायरमननं जाता जाता बजावलं, "ह्याच्यावर दिवे, पंखा एवढंच. गीझर, पाण्याची मोटर असलं काय जोडू नका."

मग सेटिंगची पाळी. डबा लुकलुकत होता, मोबाईल त्याला शोधत होता आणि दोघांची गाठ काही पडत नव्हती. आमची धाकटी नववीत आहे. तिनं दोन गोष्टी शोधून काढल्या. एक, मोबाईलचं लोकेशन बंद होतं. दुसरी, वायफाय दोन प्रकारचं असतं. आमचा मोबाईल ५ गिगाहर्ट्झवर होता आणि हा डबा फक्त २.४ गिगाहर्ट्झचं ऐकतो. हे जुनं वायफाय जरा सावकाश चालतं, पण भिंतीतून जास्त आत शिरतं. आमच्या मातीच्या भिंतींना तेच बरं. राउटर माजघरातून सोप्याच्या दाराजवळ आणला आणि डबा एकदाचा मोबाईलला भेटला.

आता बोलून दिवा लावायचा. मोबाईलला मराठी कळतं, हिंदीही कळतं. अब्बा आयुष्यभर घरात दखनी बोलत आलेत. ते पलंगावर बसून मोबाईलला म्हणाले, "जरा बत्ती लगा रे." मोबाईलनं माफी मागितली. पुन्हा तेच. पुन्हा माफी. धाकटी म्हणाली, "दादाजी, 'सोप्यातला दिवा लाव' म्हणा." अब्बांनी म्हटलं, दिवा लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अब्बा मात्र म्हणाले, "रात को दो बजे इससे बाताँ करूँगा, तो घर में सोएगा कौन?" बरोबर होतं. नात जागी होऊ नये म्हणून जो माणूस दिवा लावत नव्हता, तो रात्री मोबाईलशी मोठ्यानं कसा बोलेल?

मग वेळ लावून दिली. पण फजर काही घड्याळाच्या एका आकड्यावर बसत नाही. आपल्याकडं जूनमध्ये ती पावणेपाचच्या आसपास सुरू होते, तर जानेवारीत पावणेसहाच्या. धाकटीनं त्यावरही तोड काढली. सूर्योदयाच्या आधी दीड तास, असं लावता येतं. मग सूर्य सरकेल तसा दिवाही सरकतो. अब्बांना हे फार आवडलं. मशीन आवडलं नाही, पण तिनं सूर्याचं ऐकणं आवडलं.

एक अनुभव सांगण्यासारखा. एका रात्री लाईट गेली आणि अडीच वाजता आली. आली तसा सोप्यातला दिवा आपोआप भक्कन लागला, सगळं घर दचकून उठलं. वीज परत आल्यावर दिव्यानं काय करायचं, चालू व्हायचं, बंद राहायचं की आधी होता तसा राहायचं, हे ॲपमध्ये ठरवता येतं. आम्ही 'आधी होता तसा' करून टाकलं. ज्यांच्याकडं लाईट वारंवार जाते, त्यांनी हे पहिल्याच दिवशी करावं.

इथवर सगळं ठीक होतं. मग एका रविवारी सकाळी थोरल्याचा फोन आला. "अब्बाजींना बरं नाही का? काल रात्री सहा वेळा दिवा लागला. परवा पाच वेळा."

आम्ही चक्रावलो. आम्ही घरात झोपलेलो, आम्हाला पत्ता नाही, आणि पुण्यात बसलेल्याला माहीत! डबा त्याच्या नावानं घेतलेला, ॲप त्याच्या मोबाईलमध्येही होतं आणि दिवा केव्हा लागला, केव्हा विझला, याची नोंद त्यात पडत होती. अब्बा पडल्यापासून बटणाकडं सावकाश जात होते, पण दिवा लावूनच जात होते.

आम्ही अब्बांना हळूच विचारलं. त्यांनी आधी उडवून लावलं. मग विचारलं, "तुमना कौन बोला?" आम्ही खरं सांगितलं. अब्बांचा चेहरा उतरला. त्या दिवशी ते जेवायला आमच्यात बसले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, "मैं रात को कित्ते बार उठता, वो पुना में मालूम होना? इन्सान का कुछ परदा रैता की नै?" मग त्यांनी सूरह नूरमधल्या त्या हुकमाची आठवण दिली. फजरच्या आधी, दुपारी विसाव्याच्या वेळी आणि इशानंतर, या तीन वेळांना घरातल्या लहान मुलांनीही विचारून आत यावं. "ये तुम्हारी बत्ती तो पूछेबगैर घुसी," ते म्हणाले.

आमच्याकडं उत्तर नव्हतं. त्यांचं म्हणणं खरं होतं. पण थोरल्याची काळजीही खरी होती. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांचंही ऐकलं. थोरल्याला सांगितलं, तुझ्या मोबाईलमधून हे काढून टाक. त्यानं वाद घातला नाही, लगेच काढलं. आणि अब्बांना म्हटलं, तुमचा परदा राहील, पण डॉक्टरांकडं चला. दोन दिवस रुसून शेवटी आले.

डॉक्टरांनी तपासलं, रक्त-लघवी बघितली आणि गोळ्यांची पाकिटं मागितली. बी.पी.च्या गोळ्यांमध्ये एक गोळी लघवी जास्त करणारी होती. सकाळी घ्यायची, असं सांगितलेलं. अब्बा ती इशानंतर घेत होते, सगळ्या एकदमच घेऊन मोकळं व्हावं म्हणून. ती गोळी पुन्हा सकाळी सुरू झाली. आठवड्यात उठणं सहावरून दोनवर आलं. घरात औषध घेणारं वडीलधारं माणूस असेल, तर कोणती गोळी कोणत्या वेळची, हे एकदा डॉक्टरांना विचारून पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. आमच्याकडं ते आता धाकटीनं उर्दूत लिहिलंय, अब्बांना वाचता यावं म्हणून.

रात्रीच्या अंधारावर शेवटी इलाज निघाला तो वायरमनच्याच पिशवीतून. शरीराच्या हालचालीची उष्णता ओळखून लागणारा एक लहान पिवळा दिवा, काही शे रुपयांचा. तो पलंगाच्या पायथ्याशी जमिनीपासून वीतभर उंचीवर लावला. अब्बांनी पाय खाली ठेवले की लागतो, मिनिटभरात विझतो. प्रकाश फक्त फरशीवर पडतो, माजघरात जात नाही. त्याला वायफाय नाही, ॲप नाही आणि तो कुणाला काही सांगत नाही. स्मार्ट स्विच राहिला फजरच्या दिव्यापुरता.

कुणी विचारतं, मग ते हजार रुपये वाया गेले का? आम्हाला तसं वाटत नाही. त्या डब्यामुळं माळ्यावरचा उलटा जोड सापडला, नाहीतर तो कधी आणि कसा सापडला असता, याचा विचारही नको वाटतो. त्याच्यामुळंच गोळीची चूक सापडली. पण दोन्ही वेळा काम माणसांनीच केलं, एकदा टेस्टर घेऊन आणि एकदा विचारून.

थोरला पुढच्या महिन्यात घरी आला. अब्बांपुढं मान खाली घालून बसला. अब्बांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाले, "बत्ती को क्या पूछता रे, मेरे कू पूछ."

तेव्हापासून रोज इशानंतर त्याचा फोन येतो. आधी अब्बांना, मग आम्हाला. कधी दोन मिनिटं, कधी अर्धा तास. आधी आठवड्यातून एकदा यायचा.