चूक कोणाची?

मासिक पाळी येण्याला आपल्या भाषेत आडवळणाचे शब्द पुष्कळ आहेत. कावळा शिवतो, बाई बाहेरची होते, तिला अडचण येते. न येण्याला मात्र बहुधा एकच शब्द: पाळी ‘चुकते’. चुकली म्हटले की कोणाची तरी चूक आलीच! विवाहितेची चुकली तर गोड बातमी, अविवाहितेची चुकली तर कुजबुज आणि पंचेचाळिशी गाठलेलीची चुकली तर ‘सुटली एकदाची’. याहून चौथे काही कारण असू शकेल, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

बदली होऊन दिल्लीस आलो त्या वर्षी आमचीही पाळी थांबली. यजमान गावाकडे, आम्ही येथे. मेसचे अन्न घशाखाली उतरेना, झोप उडालेली, वजन सात किलोंनी घटलेले. हळदीकुंकवाला एका वहिनींनी कानाशी लागून ‘पेढे कधी?’ असे विचारले. पेढ्यांचा प्रश्नच नव्हता. तीन महिने लोटले तेव्हा आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी प्रथम गर्भधारणेची तपासणी केली, आणि तो क्रम योग्यच होता. मग कागदावर एक साखळी काढून दाखवली. ती पाहताच आमच्यातील कारकून जागा झाला.

हा तर फाईलीचा प्रवास! मेंदूच्या तळाशी असलेले हायपोथॅलॅमस पोष ग्रंथीला आदेश धाडते, पोष ग्रंथी अंडाशयाला, अंडाशय गर्भाशयाला. पाळी हा शेवटचा शेरा. तो उमटला नाही, तर फाईल कोणत्या टेबलावर अडली ते पाहावे. उपासमार, अतिव्यायाम वा मनस्ताप झाला की सर्वांत वरचे टेबल आपण होऊन काम थांबवते. अशा दिवसांत गर्भ पोसणे शरीराला परवडणारे नसते. आमची फाईल तेथेच होती. दुसऱ्या टेबलावर कधी प्रोलॅक्टिन वाढलेले असते, मनोविकारावरील काही औषधांनीही ते वाढते. बाळंतपणातील अतिरक्तस्रावाने पोष ग्रंथीच निकामी होऊ शकते, हे शीहान यांनी १९३७ साली मांडले. थायरॉइडचा बिघाडही या कामात अडथळा आणतो. तिसऱ्या टेबलावर पीसीओएस किंवा चाळिशीपूर्वीच थकलेले अंडाशय. शेवटच्या टेबलावर गर्भाशयाच्या अस्तराचा क्षय. आपल्या देशात हे कारण विसरून चालत नाही.

‘पाळी नाही तर कटकट नाही’ असे म्हणून फाईल दडपू नये. इस्ट्रोजेन दीर्घकाळ कमी राहिले तर हाडे विरळ होतात, आणि ते बहुधा हाड मोडल्यावरच कळते. नियमित पाळी तीन महिने, अनियमित सहा महिने आली नाही, किंवा पंधरावे वर्ष भरूनही ऋतुप्राप्ती झाली नाही, तर तपासणी करून घ्यावी.

आम्हांला गोळ्या लागल्या नाहीत. पोटभर अन्न, रात्रीची झोप आणि काही महिन्यांचा धीर एवढ्यावर काम भागले. आपल्यांपैकी अनेकांच्या मुली आज परमुलुखात खोली घेऊन एकट्या राहतात. त्यांच्यापैकी एखादीने ‘चुकली’ असे सांगितले, तर भुवई उंचावण्यापूर्वी ‘जेवतेस ना? झोपतेस ना?’ एवढे विचारावे, आणि डॉक्टरांकडे तिच्यासोबत जावे.