थोडी पुंजी, पहिली जागा

मध्यमवर्गीय घरात चार पैसे साठले की आधी सोनं आठवतं आणि पाठोपाठ जागा. 'जमिनीत घातलेला पैसा बुडत नाही' हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यात तथ्य आहेच. पण जमीन जागेवर राहिली तरी कच्च्या कागदांवर घेतलेल्या जमिनीतला पैसा बुडू शकतो. पुंजी थोडी असेल, तर पुन्हा उभं राहायला काही उरत नाही.

आमच्या घरी हा विषय निघाला तो सासूबाईंच्या पोस्टातल्या ठेवीची मुदत संपली तेव्हा. सासऱ्यांच्या पश्चात जपून ठेवलेले चार लाख आणि आमची दीड लाखाची बचत, एवढंच भांडवल. मोठ्या दिरांनी लगेच सुचवलं, "मुरबाडकडे दोन गुंठे मिळताहेत. पाच वर्षांत दुप्पट होतील!" सासूबाईंनाही ते पटलं. मी एवढंच म्हटलं, "भाऊजी, आधी सातबारा बघू या का?"

त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता. पण डिजिटल सहीचा सातबारा अवघ्या १५ रुपयांत मिळतो, तो काढला आणि बरंच काही उलगडलं. जमीन शेतीची होती. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला सरकारी परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही आणि आमच्या घरात कुणाच्याच नावावर शेती नाही. शिवाय १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा विकण्यावर बंधनं आहेत. म्हणूनच विकणारा नोटरी केलेल्या करारावर भागवू पाहत होता. पण नोटरीच्या कागदाने मालकी मिळत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलं खरेदीखतच लागतं. 'इतर हक्क' या रकान्यात कर्जाचा बोजाही दिसत होता. भाऊजींनी कागद दोनदा वाचला आणि तो विषय तिथेच संपला.

मग आम्ही बदलापूरला जुन्या सोसायटीतली एक खोली-स्वयंपाकघराची जागा पाहिली. किंमत १५ लाख. वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल घेतला. भोगवटा प्रमाणपत्र, आधीचे सगळे करार, भाग दाखला आणि सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र पाहिलं. मगच बयाणा दिला. घर सासूबाईंच्या आणि माझ्या नावावर केलं, कारण महाराष्ट्रात केवळ महिलांच्या नावावर घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते.

आता हिशेब सांगते, कारण जाहिरातीत तो नसतो. कर्ज १२ लाख, स्वतःचे ३ लाख. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, सोसायटीचं हस्तांतर, रंगरंगोटी मिळून आणखी सव्वा लाख. उरलेले सव्वा लाख बँकेत तसेच ठेवले. एक वर्ष भाडेकरू मिळाला नाही, तरी हप्ते थकू नयेत म्हणून. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी हप्ता सुमारे १०,४०० रुपये. भाडं येतं ५,०००, त्यातले ८०० सोसायटीला जातात. म्हणजे दरमहा ६,२०० रुपये आम्हीच घालतो. 'भाड्यातून हप्ता फिटतो' हे खरं नव्हे! घातलेल्या रकमेवर भाड्याचं उत्पन्न वर्षाला जेमतेम ३ टक्के पडतं. बाकी सगळा भरवसा किंमत वाढण्यावर, आणि ती वाढेलच असं नाही. ही ओढ सोसण्याइतका पगार हाती असेल, तरच या वाटेला जावं. भाडेकरूशी केलेला करारही नोंदवून घ्यावा. महाराष्ट्रात ते सक्तीचं आहे.

बांधकाम सुरू असलेली इमारत स्वस्त वाटते. तिथे रेरा कायद्याचा आधार आहे. महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून 'महारेरा' काम करतं. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर स्वतः तपासा. करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हे लक्षात ठेवा. महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांनी आपापल्या राज्याचं रेरा पाहावं. जमिनीचे नियमही राज्याराज्यांत वेगळे आहेत.

एवढीही पुंजी नसेल तर? 'रीट' नावाचा एक प्रकार आहे. मोठ्या कार्यालयीन इमारतींच्या भाड्यातला वाटा शेअरसारखा विकत घेता येतो. भारतात पहिलं रीट २०१९ मध्ये बाजारात आलं आणि २०२१ पासून एकेक युनिटही घेता येतं. काहींचं युनिट काही शे रुपयांना मिळतं. भाव खालीही येतो, पण नको असेल तेव्हा बाजारात विकता येतं. खोली तशी चटकन विकता येत नाही.

जागा दाखवणारा नेहमी घाईत असतो. "उद्या भाव वाढेल, आजच टोकन द्या," म्हणतो. त्याला शांतपणे सांगा, कागद वकिलाला दाखवायला आठ दिवस हवेत. तेवढं थांबल्याने जी जागा हातची जाते, ती गेलेलीच बरी.